दोन दिवस, एक कान

उजवा

मंगळवारी संध्याकाळी हरिश्चंद्र मास्तरांनी बायकोला मारलं. एकच. उघड्या पंजाने, डाव्या कानावर. हात तबला वाजवणाऱ्याचा होता, त्यामुळे नेमका बसला.

कारण आधीच सांगून टाकलेलं बरं. ओटीवर रियाज चालला होता. शाळेतले दोन सहकारी ऐकायला बसले होते. विमला चहा घेऊन आली आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, एक मात्रा गेली."

तिच्या वडिलांनी लहानपणी तिच्या हातात टाळ देऊन तिला भजनाला बसवलेलं. ती मात्रा मोजत नसे, त्या मोजल्या जात. सहकारी हसले, चहा प्यायले, गेले. मग दार लावून घेतलं गेलं.

बुधवारी, मास्तर शाळेत असताना, विमलाने त्यांचं घरीच राहिलेलं मनगटी घड्याळ डाव्या कानाला लावलं. काही नाही. उजव्या कानाला लावलं. टिकटिक. पुन्हा डाव्या. बंद घरात कुणीतरी लांबवर पीठ चाळत असावं तसा नुसता आवाज, आणि तो घड्याळाचा नव्हता.

गुरुवारी मास्तर दोन प्रवेशिका घेऊन आले.

"रविवारी सकाळी रत्नागिरीला मैफल. मिरजेच्या बाई गाणार आहेत. मुक्काम लॉजवर. सोमवारी शाळेला सुट्टी आहे, येताना लांज्याला उतरायचं आणि माचाळचा डोंगर चढायचा. चार वर्षं झाली लग्नाला, कुठे गेलोच नाही गो आपण."

एवढं बोलून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. डाव्या.

तिने कानाचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते रडले असते, आणि रडणाऱ्या मास्तरांची समजूत तिलाच काढावी लागली असती. बरगडीच्या वेळी तसंच झालं होतं. तिने एवढंच ठरवलं: एक गेला, दुसरा जाऊ द्यायचा नाही.

डावा

(या बाजूने मास्तर जे बोलले ते इथे लिहिलेलं नाही. तिला ते ऐकू आलेलं नाही.)

सभागृहात ते तिच्या डावीकडे बसले. व्यासपीठावर तबलाही डावीकडेच. बाईंनी तोडी राग सुरू केला आणि विमलाला कळलं की गाणं उजवीकडे कललंय. पेटी स्वच्छ. तानपुरा स्वच्छ. तबला शेजारच्या घरात.

मास्तर तिच्याकडे झुकले. ओठ हलले. . . . . . . . .

तिने हसून मान हलवली.

पुन्हा झुकले. . . . . . ? भुवया वर.

पुन्हा मान.

चुकीच्या जागी मान गेली असणार. मास्तरांचा चेहरा मंगळवारचा झाला. सभ्य माणसांच्या तिसऱ्या रांगेत चेहऱ्यापलीकडे काही करता येत नाही, म्हणून त्यांनी तिच्या पदराखाली हात नेला आणि मांडीला चिमटा काढला. नखांनी.

कधी काढला ते तिला लगेच कळलं. समेला.

मग

धा धिं धिं धा

धा धिं धिं धा

धा तिं तिं ता

ता धिं धिं धा

धा, आणि चिमटा. ठेका संथ होता. दोन चिमट्यांच्या मध्ये ती श्वास घेऊन, सोडून, पुन्हा घेऊन तयार राहू शकत होती. पुढे लय वाढली. बाईंची तान उतरून समेवर आली की अख्खं सभागृह "वा!" म्हणे. मास्तरही म्हणत. त्याच क्षणी नखं. तबला ऐकू येत नसतानाही विमलाची एकही सम चुकली नाही.

मध्यंतरात शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुम्ही अगदी तल्लीन झाला होता हो. डोळ्यांत पाणी!"

"तबला छान होता," विमला म्हणाली.

उजवा

लॉजच्या न्हाणीघरात तिने मांडी पाहिली. बारा मोजले आणि पुढे मोजणं सोडलं.

सोमवारी पहाटेच्या गाडीने लांजा, तिथून दुसरी गाडी. डोंगराच्या पायथ्याशी उतरले तेव्हा उन्हं अजून कोवळी होती. डिसेंबरात गवत वाळून केशरी झालेलं, पायवाट गुळगुळीत. मास्तर उत्साहात होते. पिशवीत चपात्या, लसणाची चटणी, पाण्याची बाटली. त्यांनी तिला पुढे घातलं, मागून बोलत राहिले. तालमीतल्या गोष्टी, मिरजेच्या बाईंच्या तबलजीचं काय चुकलं ते.

चढावर आणखी एक गोष्ट कळली. डावा कान गेला की पायही फसवतात. सपाटीवर ठीक. कडेकडेने चालताना जमीन हलल्यासारखी वाटे, आणि ती कातळाला धरून उभी राही.

"काय नाटकं चाललीत? सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्या चढतात इथे डोक्यावर ओझं घेऊन."

हे ऐकू आलं, कारण ते उजवीकडून बोलले.

डावा

वाट वळली. आता दरी उजवीकडे आणि डोंगर डावीकडे. मास्तर डोंगराच्या बाजूने, तिच्या अर्धं पाऊल मागे. वारा सुटला.

. . . . . . . . .

ती चालत राहिली.

. . . . . . !

ती चालत राहिली. पाय जपत होती, वाटेवरचे बारीक खडे बघत होती.

. . . !

वेणी मागे ओढली गेली.

उजवा

आता ते पुढे येऊन तिच्यासमोर उभे होते, दरीकडे पाठ करून. वेणी त्यांच्या मुठीत.

"तीनदा सांगितलं थांब! तीनदा! ऐकू येत नाही का तुला?"

"नाही."

"उलट बोलतेस?"

"नाही येत ऐकू. मंगळवारपासून. डावा कान गेला माझा. तुम्ही घालवलात."

मास्तर थांबले. खरंच थांबले. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं, आणि विमलाला वाटलं की आता रडणार. तिने मनात समजूत काढायचे शब्दसुद्धा जुळवले.

"काल मैफलीत," ते सावकाश म्हणाले, "काल चार तास मला वाटलं तू मुद्दाम करत्येस. लोकांसमोर. आणि तू सांगितलं नाहीस? मला मूर्ख बनवलंस?"

हात उठला. तिने नेहमीप्रमाणे डावा गाल पुढे केला, मेलेला कान, मारा. पण वेणी त्यांच्या उजव्या हातात होती. उठला होता तो डावा.

म्हणजे येणार तो उजव्या कानावर.

तिने डोकं खाली घातलं आणि त्यांच्या पोटात घुसली.

मास्तर घसरले.

नाही. घसरले असं ते पुढे सांगणार आहेत. तिने ढकललं. दोन्ही हातांनी, खांद्याने, चार वर्षांच्या वजनाने. वेणीतले केस मुळापासून तुटून त्यांच्या मुठीत गेले, ते वाळलेल्या गवतावरून पाठीवर खाली गेले आणि जेमतेम पुरुषभर खाली कारवीच्या झुडपात अडकले. हाड मोडल्याचा आवाज तिला उजव्या कानाने व्यवस्थित ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा.

ते ओरडले. मग शिव्या. मग विनवणी. खालून उजवा हात वर आला.

"विमले, हात दे. पाय गेला गो माझा. हात दे."

तिने तो हात पाहिला. लांब बोटं, अंगठ्याजवळची जाड कातडी. ती पोटावर आडवी झाली, एका हाताने मोठ्या दगडाला धरलं आणि दुसरा हात दिला. आपण का दिला ते तिला तेव्हाही कळलं नाही, पुढेही कळणार नाही. ओढलं. ते मोडका पाय फरपटत वर आले, धापा टाकत तिच्या शेजारी पडले. दोघांच्या तोंडात माती.

आणि त्याच हाताने त्यांनी तिचा गळा धरला.

"ढकलतेस? मला? नवऱ्याला?"

अंगठा बरोबर मध्ये. तिला खोकताही येईना. तिने मनगट पकडलं, तर्जनी दातांत घेतली आणि दात मिटले. तोंडात खारट आलं. पकड सुटली. बोट सोडलं नाही. दातांनी धरूनच तिने तो हात कातळावर आणला, गुडघा मनगटावर रोवला, नारळाएवढा दगड उचलला.

"नको, विमल, हात नको, अगं, तबला..."

धा.

धा.

तिसऱ्यांदा मारला तेव्हा मास्तर ओरडायचे थांबले होते. तिने दगड बाजूला ठेवला, फेकला नाही. बाटलीतलं पाणी घेऊन आधी स्वतःचं तोंड धुतलं, उरलेलं त्यांच्या तोंडावर मारलं. डोळे उघडले.

"पडून राहा," ती म्हणाली. "माणसं आणत्ये."

उजवा, उजवा

वरच्या वाडीत पहिलंच घर यमुनाबाईंचं. अंगणात भात सुकत घातलेलं. म्हातारी कोंबड्या हाकलत होती.

"काय झाला गो बाय? रगात कुनाचा ह्या?"

"थोडं माझं. बाकी नवऱ्याचं."

"जनावर होता काय?"

"नाही. मीच."

यमुनाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. गळ्यावरचे बोटांचे वळ पाहिले, कानशिलावरचा उघडा पडलेला लाल चट्टा पाहिला. तांब्या पुढे केला.

"पानी पी आदी. जित्ता हाय ना?"

"आहे."

"मग बस वाईच. घाय काय हाय." आणि मागे वळून हाक: "लवू! केरू! डोली काडा रे!"

या डोंगरावर आजारी माणूस असाच उतरतो. जाड बांबू, त्याला चार टोकांनी बांधलेली घोंगडी, दोघं खांद्याला, दोघं बदलीला. गावातल्या बाळंतिणीही अशाच उतरतात. लवू आणि केरू सख्खे भाऊ, त्यांच्याबरोबर शेजारचे दोघे. मास्तरांना घोंगडीत घालताना लवू म्हणाला, "गुरुजी, काय खाताव काय? रेड्याचा वजन हाय तुमचा."

मास्तर विव्हळत म्हणाले, "पाय घसरला. वाळलं गवत..."

केरूने हाताकडे पाहिलं. बोटं बोटांसारखी राहिली नव्हती.

"पाय घसारला तर हात कसा ठेचला वो?"

"पडताना... दगडावर..."

"मी ठेचला," विमला म्हणाली. ती डोलीच्या पुढे चालत होती. "दगडाने. तीनदा."

डोली थांबली. बांबू करकरला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"वेडी झाली आहे ती," मास्तर म्हणाले. "तिचं ऐकू नका. डोक्यावर परिणाम..."

"गुरुजी," लवू म्हणाला, "गप पडून ऱ्हावा. हलल्याव तर खाली जाल." आणि केरूला, "उचल रे."

डोली पुन्हा चालू लागली. उतारावर एकदा त्यांनी तिला हळू हाक मारली, अगदी मऊ आवाजात, तिने वळून पाहिलंही. "आपल्या घरातली गोष्ट आहे," ते म्हणाले. "शाळेत कळलं तर... पाय घसरला म्हण. मी पोलिसात काही सांगणार नाही. कानावर मिरजेला इलाज करू. मी स्वतः नेईन तुला."

"तुम्ही कुठे नेणार?" ती म्हणाली. "तुम्हालाच चार माणसं नेत्यात."

केरू हसला आणि त्याचा खांदा हलला, तशी डोली हलली, तसे मास्तर ओरडले.

उजवा, डावा

लांज्याच्या दवाखान्यात दुपारी तिनाला पोहोचले. तरुण डॉक्टर धावत आला. आधी मास्तरांना आत घेतलं, सुई टोचली, पाय फळीला बांधला, हातावर पट्टी घालून रत्नागिरीला पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. हे सगळं होईपर्यंत विमला बाकावर बसली नाही. टेबलासमोर उभी राहिली.

"तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाला. "पेशंटबरोबर आहात ना?"

"मीही पेशंट."

त्याने पहिल्यांदा नीट पाहिलं. तिला स्टुलावर बसवलं, कानात दिवा धरला. बराच वेळ धरला.

"पडद्याला भोक आहे. मोठं. कधी झालं?"

"मंगळवारी."

"भरून येईल कदाचित. कदाचित नाही. पाणी जाऊ देऊ नका. दुसरा बघू." दिवा उजवीकडे आला. तिने श्वास रोखला. मांडीवरची बोटं आपोआप मोजू लागली आणि तिने ती मुठीत दाबली.

"हा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाला.

तिने श्वास सोडला. तेव्हा कुठे तिचे पाय थरथरायला लागले, स्टुलाच्या लोखंडावर खडखड वाजले, आणि ती खडखड तिने ऐकली.

आतल्या खाटेवरून मास्तरांचा आवाज आला, औषधाने जड झालेला: "डॉक्टर, मी घसरलो. लिहून घ्या. घसरलो."

डॉक्टरने दाराकडे पाहिलं, तिच्या गळ्याकडे पाहिलं. दोन कोरे केसपेपर पुढे ओढले.

"काय लिहू?"

"नवऱ्याने मला मारलं. मग मी नवऱ्याला मारलं. दोन्ही लिहा."

"बाई, हे पोलिसांकडे जाईल. तुमचंही जाईल."

"जाऊ दे."

त्याने पेनाचं टोपण काढलं, आणि अडला. "आधी कुठलं?"

"आधी झालं ते आधी," विमला म्हणाली, आणि मंगळवारची तारीख सांगितली.