लाल लुगड्याची खूण

धुळ्याच्या कॉलेजात नूतन विमान चालवायला शिकत होती. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांना तिच्या कानात दोष सापडला आणि तिचं उडणं कायमचं थांबलं. शिंदखेड्याजवळच्या गावी राहणाऱ्या आईला हे सांगायला तिची जीभ रेटेना. मग वर्गातला प्रशील त्या वाटेनं उडे, आणि आईनं लेकीसाठी खूण म्हणून गच्चीवर बांधलेलं, वरून बोराएवढं भासणारं लाल लुगडं दिसलं की नूतनच्या सांगण्यावरून, ती हलवायची तसे, विमानाचे पंख हलवी.

आज प्रशीलचं इथलं शेवटचं उड्डाण होतं. तो उतरतो न उतरतो तोच आईचा फोन आला.

"पोरी, आज तू दोनदा पंख हालाडात! शेजारनी रुक्माबाई म्हणे, पोरगी नही, घार शे घार!"

"माय..."

"आयक ना. लुगडाना रंग ऊनमां उडी गया. उद्या नवं बांधसू, तुले दूरथून दिसी."

धावपट्टीवरून प्रशील हसत हात हलवत होता. नूतनने त्याच्याकडे पाठ केली.

"नको बांधू, माय. त्या विमानमां मी नव्हतूच."

फोनमध्ये गच्चीवरचा वारा तेवढा घोंघावत राहिला. मग आई अगदी हळू म्हणाली, "मंग मी रोज कोनले हात हालाडू वं, बाई?"