तिरुवैयारुची अक्षत

“कनकाच्या घरी फोन करायचा नाही. तिथे अक्षत घेऊन मी जाणार,” वाटीतल्या तांदळांना हळद चोळता चोळता वसुमतीबाईंनी लेकाला बजावले.

सतीशकुमार यादी घेऊन टेलिफोनपाशी बसला होता. हरिणीच्या लग्नाची आमंत्रणे सकाळपासून बत्तीस घरी गेली होती. प्रत्येकाला तेच वाक्य, तोच हसरा स्वर. रिसीव्हर खाली ठेवला की नावापुढे पेन्सिलीची खूण.

“आई, तुझ्या पायाला सूज आहे. एका मिनिटाचं काम हें.”

“एका मिनिटात बोलावलेलं माणूस एका मिनिटापुरतंच येतं.”

आरामखुर्चीतून श्रीनिवासराव म्हणाले, “जाऊ दे तिला. नाही तर नातीला पोरं झाली तरी आपण हेंच ऐकत बसूं.”

“तुम्ही तुमच्या बातम्या ऐका,” असे म्हणून वसुमतीबाईंनी नऊवारीचा पदर खोचला.

दीड वर्षापूर्वी तो टेलिफोनचा डबा घरात आला, आणि त्यांनी त्याला अजून हात लावला नव्हता. दुपारी घरात त्या एकट्या. श्रीनिवासराव तंजावरच्या राजवाड्याकडे वाचनालयात गेलेले असत. फोन घणघणू लागला की त्या त्याच्यावर टॉवेल टाकीत आणि चिंच सोलायला बसत. ज्याला बोलायचे आहे, त्याला घर ठाऊक आहे, असे त्या सुनेला सांगत.

तिरुवैयारुच्या बसमध्ये कॅसेट मोठ्याने लावली होती. वाटी तळहाताने झाकून वसुमतीबाई चडफडत बसल्या. आवाज कमी करायला दोनदा सांगूनही कंडक्टरने ऐकले नव्हते.

त्या नऊ वर्षांच्या असताना राजवाड्यामागच्या गल्लीत आत्याबरोबर अक्षत द्यायला जात. शेजारची कनकलता सोबत असायचीच. आत्याला अक्षरओळख नव्हती, पण सत्तावन्न घरांचा क्रम तोंडपाठ होता. प्रत्येक घरी बसायचे, पाणी घ्यायचे, कोणाची म्हातारी खाटेवर आहे, कोणाची सून माहेरी रुसून बसली आहे, ते ऐकायचे. संध्याकाळी परतताना पोरींचे पाय दुखत, आणि गल्लीचे एकही दुःख न कळलेले राहत नसे. कोणाच्या घरी माणूस गेले तर निरोप घेऊन माणूसच दारात उभे राही. आता घरोघरी टीव्हीचा पडदा बोलत होता आणि माणसे त्याच्याकडे तोंड करून जेवत होती. हरिणीला तर शेजारच्या घरात किती माणसे आहेत हेही सांगता आले नसते.

कनका लग्न होऊन तिरुवैयारुला गेली, तेव्हा दोघींनी ठरवले होते: जिच्या घरी कार्य, तिने पहिली अक्षत दुसरीला स्वतः नेऊन द्यायची. कनकाने आपल्या घरच्या तिन्ही कार्यांना ते पाळले होते. शेवटच्या वेळी तर काठी टेकीत आली होती.

दार उघडेच होते. उंबऱ्याबाहेर उभे राहून, वाटी दोन्ही हातांत धरून वसुमतीबाईंनी जन्मभर म्हटलेले शब्द सुरू केले, “आमच्या नातीचं लग्न मांडलं आहे. घराला कुलूप लावून सगळ्यांनी…”

“मावशी, थांबा.” सासूला ‘अत्तै’ म्हणणारी कनकाची सून जयलक्ष्मी लगबगीने बाहेर आली. “ती अक्षत आत आणूं नका.”

वाटी हातात तशीच राहिली.

“अत्तै गेल्या. तेवीस दिवस झाले. तुम्हांस कळलं नाही?”

“कोण सांगणार मला?”

“ह्यांनी त्याच दिवशी दुपारी दोनदा फोन केला. कोणी उचलला नाही. पुढे दिवसकार्याच्या धावपळीत राहून गेलं. आम्हांस वाटलं, कुणी तरी सांगितलं असेल.”

“माणूस धाडायचं होतं.” वसुमतीबाईंचा आवाज चढला. “इथली फूलवाली रोज पहाटे तंजावरास येते. तिच्याजवळ निरोप द्यायला काय झालं होतं? आमच्या वेळीं असं होत नव्हतं, जयलक्ष्मी.”

 जयलक्ष्मी हळूच म्हणाली, “अत्तैंनीही फोन केला होता, मावशी. महिनाभर खाटेवर होत्या. पाय चालेनात, म्हणून नंबर फिरवायला शिकल्या. रोज दुपारी फोन उशाशी मागायच्या. ‘या वेळीं ती घरात एकटी असते, आज उचलील,’ म्हणायच्या.”

“मग?”

“वाजून वाजून थांबायचा. मग हसायच्या. ‘हट्टी आहे, उद्या बघूं,’ म्हणायच्या.”

“कितीदा?”

“मोजलं नाही, मावशी.”

घरात बसा म्हणून जयलक्ष्मीने आग्रह केला नाही, आणि मंगल कार्याचे हळदीचे तांदूळ घेऊन त्या घरात बसता येणारही नव्हते. वसुमतीबाईंनी ते कनवटीला बांधले, रिकामी वाटी पिशवीत टाकली, आणि निरोप न घेता पायऱ्या उतरल्या. अशा घरातून निघताना ‘येते’ म्हणायचे नसते.

कावेरीला पाणी होते. इतक्या दिवसांनी कळलेल्या मृत्यूचे स्नान रक्ताच्या माणसांनीच करायचे, इतरांना ते लागत नाही, असे गल्लीतल्या तीन पिढ्यांना वसुमतीबाईंनीच सांगितले होते. घाटाची शेवटची पायरी उतरून त्या लुगड्यानिशी पाण्यात शिरल्या आणि तीनदा बुडाल्या. बाजूला कपडे धूत असलेल्या बायका हात थांबवून बघत राहिल्या.

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. कंडक्टरने खिडकीजवळची मोकळी जागा दाखवून आजींना बसायला सांगितले. “पाट्टी, उक्कारुंग.”

वसुमतीबाईंनी तमिळमध्ये त्याला सांगितले की लुगडे ओले आहे, तिथे नंतर दुसऱ्याला बसायचे असते.

बस पुलावर आली. वरच्या दांडीला धरून त्या ताठ उभ्या होत्या. लुगड्यातून निथळलेल्या पाण्याचा ओघळ बाकांखालून मागे सरकत गेला, तेव्हा शेवटच्या बाकावरच्या एका बाईने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.