अळंबीचं बूड उकरणारी खुरपी

मित्रांनो, मी एक जुनी खुरपी आहे. बारवी धरणाजवळच्या पाड्यावर, राजाबाईंच्या पडवीत माझी खुंटी आहे. लोहाराने मला भाताची बेणणी करायला, म्हणजे तण काढायला घडवलं, पण माझी खरी ऐट श्रावणात बघावी. राजाबाई रानात अळंबी काढायला निघतात तेव्हा कोयता घरी राहतो आणि मी जाते. कोयता वरून कापतो, मी मुळासकट उकरते. माझी मूठ दोनदा बदलली, पातं निम्मं झिजलं, तरी हा मान माझाच आहे.

परवा मात्र त्यांची सून वैदेही चिखलोलीहून आली आणि माझ्याकडे ढुंकूनही न बघता सुरी घेऊन रानात गेली. पांढरीशुभ्र अळंबी आणून, धुऊन, तिने कढईत टाकलीसुद्धा. तिची छोटी राजसी ताट घेऊन बसली होती. तेवढ्यात राजाबाई शेतावरून आल्या.

"यांची बुडं कुठं हायेत?"

"मातीने भरली होती आई, वरूनच कापली. मोबाइलवर फोटो टाकून बघितलंय मी. खायचीच आहेत."

"मोबाइलनं बूड बगितलं का? पोरीचं ताट उचल आधी!"

वैदेहीचा चेहरा पडला. राजाबाईंनी गॅस बंद केला, मला खुंटीवरून काढलं आणि तिला घेऊन थेट त्या जागी गेल्या. मी अलगद उकरलं. वारुळावरच्या चांगल्या अळंबीचं मूळ लांबलचक, पार वारुळात उतरलेलं असतं. इथे बुडाशी अंड्याच्या टरफलासारखी पांढरी वाटी निघाली. विषारी! वर छत्री चांगल्या अळंबीसारखीच, रंग तसाच, खूण तेवढी मातीत राहिली होती. वैदेहीने वाकून ती वाटी नीट निरखून बघितली. खरं सांगते, मला माझा फार अभिमान वाटला.

घरी येऊन मी परसात खोल खड्डा केला. कोंबड्यांनीही टोचू नये म्हणून राजाबाईंनी सगळी कढई त्यात रिकामी केली. राजसी कुरकुरत का होईना, वरणभात जेवली.

मित्रांनो, रानातलं कितीही ओळखीचं वाटलं तरी आधी जाणत्या माणसाला मुळासकट दाखवा. जरा जरी शंका आली तरी तोंडात घालू नका. आणि मला ओल्या मातीनिशी फेकून देऊ नका, गंज चढतो.

दुसऱ्या दिवशी वैदेहीने मला स्वतः धुतलं, कोरडं पुसलं.

"आई, पुढच्या वेळी मला शिकवाल?"

"पुढच्या येळी कशाला? आत्ताच चल की."

आणि राजाबाईंनी माझी मूठ सुनेच्या हातात दिली.