सोमवारचा वायदा

रेस्त्रेपो पेठेतले बूट शिवणारे सोमवारी हत्याराला हात लावत नाहीत. हा नियम कुणी केला नि कधी केला ते कुणाला ठाऊक नाही, पण बोगोतातल्या शेंबड्या पोरालाही तो माहीत असतो. सोमवार हा बिअरचा आणि तेहो नावाच्या खेळाचा. लांबून लोखंडी चकती फेकायची, मातीत खोचलेली बंदुकीच्या दारूची पुडी फोडायची आणि हरलेल्याने सगळ्यांना पाजायचं. त्यामुळे एखादं काम लांबवायचं असलं की इथला कारागीर गिऱ्हाइकाला हसून सांगतो, "या की सोमवारी!" गिऱ्हाईकही हसतं, काय समजायचं ते समजतं आणि बुधवारी येतं.

एव्हेलिओ उंबारिला मास्तरांनी बेचाळीस वर्षांत असे शेकडो सोमवार वाटले होते. त्यातला एक त्यांना भोवला. तो कसा, हे कळायला मात्र तीन वर्षं जावी लागली.

गुरुवारची सकाळ होती. मास्तर नुकतंच गूळपाण्यात चीज बुडवून खाऊन बसले होते. तेवढ्यात एक पंचविशीची मुलगी हेल्मेट काखेत मारून दुकानात शिरली. पायात पातळ कापडी जोडे, तेही भिजलेले.

"बूट हवेत. मोटारसायकलवर घालायचे, पण मोटारसायकलचे दिसायला नकोत," ती म्हणाली.

"म्हणजे मासा हवा, पण वास नको."

"तसंच समजा. नोटरीच्या कचेरीत लागतेय येत्या सोमवारपासून. काउंटरवर बसायचंय. तिथली बाई पहिल्यांदा पायाकडं बघते म्हणे. काळे, साधे जोडे पाहिजेत."

मास्तरांनी आधी गंमत म्हणून नडगीवर पत्रे लावलेला गुडघ्याएवढा बूट पुढे ठेवला. "हा घाल. काउंटरवर कुणी वाद घालायचं नाही."

मुलगी हसली नाही. तिने बूट उचलून बाजूला ठेवला आणि फळीवरचा एक नाजूक, चकचकीत जोडा काढला. मास्तरांनी तो तिच्या हातातून घेऊन उलटा केला.

"हा तळ बघ. आरशासारखा. ओल्या रस्त्यावर सिग्नलला पाय टेकलास की गेलीस. गाडीचे बूट वरून बघायचे नसतात पोरी, खालून बघायचे. मग घोटा बघायचा. आणि मग आरसा."

मग त्यांनी स्वतःच्या हातचा, घोट्याच्या वर चार बोटं येणारा काळा बूट काढला. दिसायला अगदी कारकुनाचा. मुलीने घोटा दाबून पाहिला. आत दोन्हीकडं कडक वाट्या होत्या. बोटांपुढे चामड्याच्या दोन थरांमधे टोपी होती. डाव्या चवड्यावर गिअर घासतो तिथं चामड्याचीच एक पट्टी होती, पण ती अशी शिवलेली की नक्षीच वाटावी.

"ही पट्टी नसली तर महिन्याभरात डावा जोडा भिकाऱ्याचा नि उजवा साहेबाचा होतो," मास्तर म्हणाले. "नोटरीची बाई तेच बघेल."

आता मात्र ती जराशी हसली. माप देण्यासाठी तिने हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि पाय कागदावर टेकला. मास्तर पेन्सिल घेऊन खाली वाकणार, तोच त्यांची नजर हेल्मेटच्या मागच्या बाजूवर गेली. गाडीचा नंबर तिथं ठळक छापला होता, सगळ्यांच्याच हेल्मेटवर असतो तसा. टीकेआर ६२ सी.

मास्तर वाकायचे थांबले.

गाडीवाल्या गिऱ्हाइकांची नावं मास्तर कधीच लिहून ठेवत नसत. नंबर डोक्यावरच असतो, तोच ते बुटाच्या जिभेवर आतून पेनाने लिहीत. आणि हा नंबर ते दरवर्षी डिसेंबरात वाचत होते. वरच्या फळीवरची एक जोडी खाली काढायची, तेलाचा बोळा फिरवायचा, पुन्हा वर ठेवायची. मापाचे बूट दुसऱ्याला विकायचे नाहीत, हा त्यांचा नियम.

"गाडी जुनी घेतलीस का?" त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं.

"बाबांची आहे."

"ते नाही चालवत आता?"

"बाबा गेले. तीन वर्षं झाली." ती पायाकडं बघत म्हणाली. "इथंच. दोन चौक पलीकडं. पावसात पाय टेकवला, तो सरकला. मागून बस होती. तुम्ही म्हणालात ना, आरशासारखा तळ. तसलेच होते त्यांचे. ऑफिसचे."

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. पुढचा प्रश्न विचारू नये असं त्यांना फार वाटलं, पण जिभेने त्यांचं कधी ऐकलं होतं!

"वार कोणता होता?"

"सोमवार."

मग ती बोलतच गेली. अनोळखी माणसापाशी कधीकधी मन मोकळं होतं, तसं. तिचं नाव यिनेत. घर पार उत्तरेला, सूबात. बाबांची विमा कचेरीही तिकडंच. त्या सोमवारी त्यांनी कचेरीत डॉक्टरकडं जातो म्हणून सांगितलं आणि घरी उशीर होईल म्हणून. आणि सापडले ते इथं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. घरात अजून शवपेटी होती तेव्हाच मावशीने विचारलं होतं, 'रेस्त्रेपोत याचं कोण होतं गं?'

"मग?"

"मग काय! नऊ दिवसांची जपमाळ असते ना, आई चौथ्या दिवशी उठली ती परत बसलीच नाही. फोटो भिंतीवरून उतरवला. तीन वर्षांत थडग्यावर एक फूल नेलं नाही. गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली होती. बसने दोन तास लागतात म्हणून मीच ती दुरुस्त केली. आई म्हणाली, 'जा, तूही जा त्याच्या बाईकडं.'"

"आणि तू बूट घ्यायला मुद्दाम याच पेठेत आलीस?"

यिनेतने हेल्मेट जवळ ओढलं. मग हळूच म्हणाली, "बूट हवेतच. पण कालपासून हे धरून अकरा दुकानं झाली, मास्तर. प्रत्येक दुकानातल्या बाईचं तोंड बघतेय. म्हटलं, बघितल्यावर कळेल."

मास्तर तिच्याकडं पाठ करून उगाच फळ्या चाचपू लागले. त्यांना तो माणूस स्वच्छ आठवत होता. रेइनेल नावाचा, यानोच्या माळावरून आलेला, रुंद चवड्याचा, सावकाश बोलणारा. माळावर माणूस शब्द देतो तेव्हा देतो, त्यात कोपरखळी नसते. त्याने विचारलं होतं, "कधी येऊ?" आणि मास्तरांनी, उचलली जीभ लावली टाळ्याला, "या की सोमवारी!" म्हणून टाकलं होतं. तो हसला नव्हता. मान हलवून गेला होता. मास्तरांना तेव्हाच कळायला हवं होतं.

मंगळवारी समोरच्या कॉफीवाल्या ओलिवाबाईने थर्मास आपटत सांगितलं होतं, "तुमचा कोण तो माळवाला पाऊण तास शटरसमोर उभा होता. मी म्हटलं, अहो, आज सोमवार, सगळे तेहोवर गेलेत. तर म्हणतो कसा, मास्तरांनी सांगितलंय, येतील." मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. गल्ली आठवडाभर हसत होती. अजूनही कुणी भलता वायदा केला की पलीकडचा टाचा ठोकणारा ओरडतो, "माळवाल्याच्या सोमवारी काय?" आणि मास्तर स्वतःही हसतात. परवाच हसले होते.

बुटांना तेव्हा तळही लावला नव्हता. मनाला लागलं म्हणून बुधवारी घाईने लावला आणि जोडी फळीवर ठेवली. माणूस आलाच नाही. रागावला असेल, दुसरीकडं गेला असेल, असं म्हणून मास्तरांनी मनाची समजूत घातली होती. समजूत घालायला काही लागत नाही.

आताही गप्प बसता आलं असतं. माप घ्यायचं, बूट द्यायचे आणि पोरीला बाराव्या दुकानात जाऊ द्यायचं. पण ती पुन्हा कुठल्यातरी निरपराध बाईचं तोंड न्याहाळत बसणार, हे त्यांना सोसवेना. त्यांनी स्टूल ओढलं, वरच्या फळीवरची जोडी काढली आणि जीभ उलटून तिच्यापुढं धरली.

यिनेतने नंबर वाचला. मग हेल्मेटकडं पाहिलं. मग पुन्हा नंबर वाचला.

"बाई नव्हती," मास्तर म्हणाले. "मी होतो. मी सोमवार म्हटलं होतं."

त्यांनी सगळं सांगितलं, गल्ली हसली तेसुद्धा. यिनेतने शिवी दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने फक्त बापाच्या बुटात आपला ओला पाय घातला. पाय आत हरवून गेला. मग ती रडली, हमसून हमसून, आणि मधेच म्हणाली, "नव्हती ना बाई? नक्की?"

"नक्की."

"आईला तुम्ही सांगाल? माझं ती ऐकणार नाही."

"घेऊन ये. कधीही."

"ती सलूनमध्ये काम करते. सुट्टी फक्त सोमवारी असते."

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. "सोमवारी," ते म्हणाले. "मी असेन. तुझे बूटही तयार असतील. त्याच दिवसापासून नोकरी आहे ना? सातला या, कचेरीआधी."

सोमवारी अख्ख्या गल्लीत एकच शटर वर होतं. भल्या सकाळीच तेहोवर निघालेल्या दोघांनी थांबून विचारलं, "मास्तर, बायकोने हाकललं की देव भेटला?" मास्तरांनी हातानेच त्यांना वाटेला लावलं. सव्वासहापासून ते दाराकडं तोंड करून बसले होते. पाऊण तास म्हणजे किती, ते त्यांना मोजून बघायचं होतं. फार मोठा असतो.

मायलेकी आल्या. मार्लेनीबाई ठेंगण्या, केस नीट बांधलेले, ओठ आवळलेले. यिनेतने आपले नवे बूट घातले, दोन पावलं टाकून पाहिली आणि घड्याळ बघून निघाली. जाताना आईच्या खांद्याला हात लावून गेली. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा बाईंनी डोळे मिटून घेतले.

मास्तरांनी पुन्हा सगळं सांगितलं. ओलिवाबाईही रस्ता ओलांडून आली आणि म्हणाली, "हो, मी बघितलंय. इथंच उभे होते. मी कॉफी देत होते, तर नको म्हणाले, बायको आज सूप करणारेय."

मार्लेनीबाईंनी जोडी मांडीवर घेतली. घोट्यातल्या वाट्या दाबून बघितल्या, तळावर बोट फिरवलं. लेकीने शिकवलं असावं.

"पण त्यांच्याकडं बूट होते की," त्या म्हणाल्या. "मोठे, रबरी, पिवळ्या पट्ट्यांचे. चांगले दणकट होते. मग हे कशाला?"

मास्तर उगाच काउंटर पुसू लागले. माप देताना तो माणूस काय म्हणाला होता ते त्यांनी यिनेतला सांगितलं नव्हतं. ते त्यांना कुणालाच सांगायचं नव्हतं.

"ते घालायचं सोडलं होतं त्यांनी," बाईच पुढं म्हणाल्या. "दोन महिने आधी. मला सलूनमधून न्यायला यायचे ते घालून. बायका हसायच्या. मग मीच एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, 'बघा, आला माझा बंबवाला, कुठं आग लागलीय?' दुसऱ्या दिवसापासून ऑफिसचे जोडे घालून यायला लागले." त्या थांबल्या. "तुम्हाला काही बोलले होते का ते?"

"नाही," मास्तर म्हणाले.

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला."

मास्तरांनी खाली बघितलं. "म्हणाले, असे करा की माझी बायको लोकांत माझ्याशेजारी उभी राहील."

तेहोच्या मैदानाकडून दारूची पुडी फुटल्याचा आवाज आला आणि मागोमाग माणसांचा हशा. मार्लेनीबाईंनी ती जोडी छातीशी धरली.

"एखादी बाई असती तर बरं झालं असतं हो, मास्तर," त्या म्हणाल्या. "निदान तिला शिव्या घालत मरेपर्यंत जगले असते."