नागाची नक्षी

मी करावे गावातलं एक जुनं लिंबाचं झाड आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. अंगावर काटे आहेत आणि मनात राग.

सासरी आली त्याच वर्षी बायजाबाईने मला अंगणात लावलं. तिच्या कोलंबीच्या कालवणाला आणि गल्लीतल्या प्रत्येक लग्नातल्या लोणच्याला लिंबं माझीच. तेव्हा सगळे तोंड भरून कौतुक करायचे. आता तीन वर्षं एक लिंबू धरलं नाही, तर तिचा मुलगा देवजी मला बघून नाक मुरडतो. त्याला माझ्या जागी गाडी लावायची आहे.

मला दोन चोरांनी खाल्लं. पहिली हिरवी अळी. लठ्ठ, निर्लज्ज, उघड्यावर बसून पान कडेपासून शिरेपर्यंत फस्त करते. दुसरी नागअळी, केसाएवढी बारीक. ती कोवळ्या पानाच्या सालीखाली शिरते, आतला गर खाते आणि मागे चांदीसारखी वळणावळणाची रेघ सोडते. पान आक्रसतं, शेंडा खुरटतो. पहिलीचा मला राग येतो. दुसरीचं नावही नको वाटतं.

आणि बायजाबाईने काय करावं? ऐन नागपंचमीला तिला ती रेघ दिसली. "नागदेव येऊन गेला हाय! कोनी पान तोडू नका," म्हणत तिने हळदकुंकू वाहिलं. हिरव्या अळ्या मात्र चपलेखाली चिरडल्या. असे तीन श्रावण गेले. हिरवी काही साव नव्हे, पण मोठा चोर मोकळाच राहिला.

परवा देवजी कोयता घेऊनच आला. "आय, बास झालं. काय कामाचं नाय हे झाड."

खारघरच्या कॉलेजात शिकणारी त्याची मुलगी मनस्वी आडवी आली. तिने हळद लागलेलं एक पान तोडलं, नखाने त्याची साल सोलली आणि आजीच्या तळहातावर ठेवलं. "आजी, नीट बघ. ही लाइन या अळीची आहे. आतून खातेय ती."

पिवळट अळी वळवळली. बायजाबाईने पान डोळ्यांजवळ नेलं.

"मीच मारलं गं याला," ती म्हणाली. देवजीच्या हातातला कोयता घेऊन तिने रडत रडत रोगट शेंडे छाटले. देवजीने मला होळीपर्यंत मुदत दिली आहे.

आज उरलेल्या पानांवर एक हिरवी अळी बसली. बायजाबाईने चप्पल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "खा बाय, तू निदान दिसतेस तरी."

मला ते मुळीच आवडलेलं नाही. पानं माझी जातात. पण मित्रांनो, दारच्या झाडाला हळदकुंकू वाहण्याआधी त्याचं एक पान उलटून बघा. माझं तीन वर्षं कोणी बघितलं नाही.