चौथा गडी

लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी राधेश्यामनं सासऱ्यांपुढं थाप अशी एकच मारली होती. पण ती अशी रुजली होती की आता उपटता येईना.

जालन्यात एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत तो बियाण्यांची उगवण तपासायचा. ओल्या कागदात दाणे गुंडाळून ठेवायचे, आठवड्यानं कागद उलगडायचा, कोंब बघायचे. या कामात कुणाशी बोलायची गरज पडत नसे. सहा दिवस गप्प राहिलेला हा माणूस रविवारी दुपारी मस्तगड भागात मुकुलच्या माडीवर चढला की मात्र त्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. मुकुल त्याचा कॉलेजपासूनचा मित्र, शिकवणीत फिजिक्स शिकवायचा. मुकुलची मोठी बहीण अंतरा दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना खाली, घर वर. चौथा अंगद, स्टीलच्या कारखान्यात पाळीवर जाणारा. तिशी ओलांडलेली ही चार माणसं दर रविवारी जेवणं उरकून एका मोठ्या पडद्यासमोर बसायची आणि एकच गेम खेळायची.

गेममध्ये सगळं वरून दिसायचं, घारीला अंगण दिसावं तसं. कुठल्याशा बर्फाच्या चंद्रावरचा ओस पडलेला तळ, त्यातल्या खोल्या, बोळ, आणि करंगळीच्या पेराएवढे चार सैनिक. फरशी फोडून किडे निघायचे, दोन-चार नव्हे, लोंढ्यानं. राधेश्याम त्यांना बोंडअळ्या म्हणायचा. चौघांनी एकमेकांना धरून पुढं सरकायचं; एकट्यानं शहाणपणा केला की तो मेलाच. त्यात आणखी एक खोड अशी की सुटलेली गोळी आपल्या माणसालाही लागायची.

दिवाळसणाला तो पिंपळगाव रेणुकाईला सासुरवाडीत गेला होता, तेव्हा ओसरीवर भरल्या बैठकीत सासऱ्यांनी, काकासाहेबांनी, सहज विचारलं होतं, "जावईबापू, रविवारी सुट्टीचं काय करता?" बैठकीत सगळी वडीलधारी मंडळी. राधेश्यामच्या तोंडून निघून गेलं, "अभ्यास. कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षेचा." काकासाहेबांनी मान हलवली, पुढं काही विचारलं नाही. पण तेव्हापासून भोकरदनच्या बसनं दर महिन्याला तुपाचा डबा यायला लागला. अभ्यास करणाऱ्या माणसाला तूप लागतं, असं त्यांचं म्हणणं.

अशात एका रविवारी गाल धरून काकासाहेब स्वतःच आले. दाढेनं दोन दिवस जेवू दिलं नव्हतं. शालू नवऱ्याला म्हणाली, "अहो, अण्णांना अंतराताईकडं न्या. तुम्हाला तिकडंच जायचंय ना?" शेवटचं वाक्य बोलताना ती कणीक मळत होती, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसला नाही.

अंतरानं दाढ बघितली आणि काढावीच लागेल म्हणून सांगितलं. काकासाहेबांनी खुर्चीचे हात धरले, हूं की चूं केलं नाही. काम झाल्यावर तिनं कापसाचा बोळा त्या जागी दाबून बसवला. "हा घट्ट चावून धरा. तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही. बिलकुल नाही."

काकासाहेबांनी मान डोलावली. तेवढ्यात जिन्यावरून मुकुलचा आवाज आला, "राधे, ये ना जल्दी. अंगदची पाळी संध्याकाळपर्यंत लांबलीय, आपण तिघंच आहोत."

राधेश्याम घाईनं सासऱ्यांकडं वळला. "मामा, तुम्ही हितं सोफ्यावर टेका. मी वर जाऊन येतो. एक धडा राह्यलाय."

अंतरानं हातमोजे काढता काढता त्याच्याकडं बघितलं आणि त्याच्या मागोमाग जिना चढली.

वर तिघांनी खेळ सुरू केला. चार जणांचं काम तिघांवर पडलेलं, त्यात राधेश्यामचं अर्धं लक्ष जिन्याकडं. तो एका बोळात एकटाच घुसला आणि दोन्ही बाजूंनी किडे आले.

"राध्याला घेरलं," मुकुल ओरडला. "मारा, मारा त्याला. गेला. राध्या मेला."

"थांब, मी इंजेक्शन देते," अंतरा म्हणाली.

"न्हाई वाचत आता तो. मरू दे, सोड. तू पळ."

जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. दार उघडलं आणि काकासाहेब आत आले. गाल सुजलेला, तोंड मिटलेलं, पाय अनवाणी, आणि दोन्ही हातांत दवाखान्याची फरशी पुसायचा दांडा उगारलेला. त्यांनी आधी मुकुलकडं बघितलं, मग खुर्चीत धडधाकट बसलेल्या जावयाकडं, मग पडद्याकडं. पडद्यावर एक इवलासा सैनिक पालथा पडला होता आणि त्याच्या डोक्यावर मराठीत ठळक लिहिलेलं होतं: राधेश्याम. नावं मुकुलनं हौसेनं मराठीत घातली होती.

मुकुलनं डाव थांबवला. काकासाहेबांना बोलायची बंदी होती. त्यांनी दांडा भिंतीला टेकवला, अंतराच्या टेबलावरचं औषधं लिहून द्यायचं पॅड उचललं, खिशातला पेन काढला आणि लिहून राधेश्यामपुढं धरलं. *कोण मारतंय?*

"कुणी न्हाई, मामा. हा गेम आहे."

त्यांनी खाली एकच शब्द लिहिला. *अभ्यास?*

मुकुल मदतीला धावला. "सर, अभ्यास करून डोकं शिणतं, म्हणून जरा..."

"राहू दे, मुकुल," राधेश्याम म्हणाला. त्यानं कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "मामा, अभ्यास न्हाई. कधीच नव्हता. परीक्षेचा फॉर्मसुद्धा भरला न्हाई मी. दर रविवारी आम्ही हेच खेळून राह्यलो. त्या दिवशी समदे बसले होते, एवढा बाप्या गेम खेळतो म्हणायची लाज वाटली. मंग तोंडातून निघून गेलं ते निघून गेलं."

काकासाहेबांनी पॅडचं पान उलटलं. मग लिहायला लागले. कागद वळवून त्यांनी पुढं धरला तेव्हा राधेश्यामचे कान तापले. *रेणुकाईला नवस बोललोय. पाच नारळ.* आणि खाली, जरा जागा सोडून: *तूप?*

"तूप आम्ही चौघांनी मिळून खाल्लं," राधेश्याम म्हणाला.

"चांगलं होतं हो तूप," अंतरा म्हणाली. "वरणात घालून संपवलं."

काकासाहेबांचे खांदे हलायला लागले. राधेश्यामला आधी वाटलं रागानं. पण डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या होत्या. अंतरानं बोट उगारलं. "हसायचं नाही. रक्त सुरू होईल."

त्यांनी गाल धरून हसू दाबलं. भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. मग अंगदची रिकामी खुर्ची पुढं ओढली, तिच्यात बसले आणि टेबलावर पडलेल्या चौथ्या रिमोटकडं बोट दाखवलं. *तासभर काय करू?*

अंगदकडं मिस्त्रीचं काम असायचं. कुलूपबंद दारं उघडायची, वेळ पडली तर ती पेटत्या नळीनं सांधून बंद करायची. अंतरानं काकासाहेबांना समजावलं, "ही दांडी चालायची. हे बटण गोळीचं. आणि दाराशी गेलं की हे दाबून धरायचं. सोडायचं नाही." काकासाहेबांनी शाळकरी पोरासारखी मान हलवली.

त्यांचे अंगठे नांगर धरलेले. एका अंगठ्याखाली दोन-दोन बटणं दबायची. पहिल्याच मिनिटाला त्यांचा सैनिक जागच्या जागी फिरला आणि त्यानं राधेश्यामच्या सैनिकाला पाठीत गोळ्या घातल्या. काकासाहेबांनी रिमोट ठेवून लिहिलं, *चूक झाली.* डाव पुन्हा मांडला. दुसऱ्या डावात बोळ ओलांडेपर्यंत नीट चाललं, मग पुन्हा तेच. *पुन्हा चूक.* तिसऱ्या डावात राधेश्याम पुढं, काकासाहेब मागं, समोर एकही किडा नव्हता, तरी गोळी सुटली आणि राधेश्याम पडला. या खेपेला त्यांनी काहीच लिहिलं नाही. पडद्याकडं बघत बसले.

"ही चूक वाटली न्हाई मला," मुकुल हळूच म्हणाला.

"न्हाई," राधेश्याम म्हणाला. "बराबर आहे त्यांचं." आणि का कोण जाणे, पाठीवरचं मणभर ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं.

चौथ्या डावाला मात्र रंग चढला. काकासाहेबांचे अंगठे बटणांना सरावले. ते बोलू शकत नव्हते म्हणून टेबलावर बोटानं वाजवायला लागले: एकदा टकटक म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. मुकुल एरवी कुणाचं ऐकायचा नाही, पण त्या टकटकीला तो थबकायला लागला. एका खोलीत किड्यांचा लोंढा आला तेव्हा काकासाहेबांनी दार वेळेवर सांधलं आणि अख्खा लोंढा पलीकडं धडका देत राहिला. अंतरा पुटपुटली, "अंगदला हे सहा रविवारांत जमलं नाही."

आणि ते शेवटच्या खोलीत पोचले. तळावरून सुटायची लिफ्ट तिथं होती. तिचं दार उघडायला मिस्त्रीनं भिंतीकडं तोंड करून, बटण दाबून पूर्ण एक मिनिट उभं राहायचं. बटण सुटलं की मिनिट पहिल्यापासून. सहा रविवार ते इथंच मरत आले होते. चाळीस-पंचेचाळीस सेकंद झाले की एखादा किडा अंगदच्या जवळ यायचा, अंगद घाबरून वळायचा, आणि सगळं मुसळ केरात.

काकासाहेब दाराशी गेले. बटण दाबलं. आकडे उलटे पडायला लागले.

वीस सेकंदांत मुकुल पडला. त्याची मोठी बंदूक गेली तसे किडे तीन बाजूंनी आत आले. अंतरानं आपल्याकडचं शेवटचं इंजेक्शन राधेश्यामला दिलं आणि दुसऱ्याच क्षणाला तीही पडली. आता खोलीत सासरे आणि जावई दोघंच. राधेश्याम काकासाहेबांच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला. गोळ्या संपत आल्या होत्या.

"मामा, सोडू नका," तो म्हणाला. "काय बी झालं तरी सोडू नका."

काकासाहेबांनी हूं केलं. एक किडा राधेश्यामला चुकवून गेला आणि त्यानं त्यांच्या सैनिकाचा चावा घेतला. पडदा लालभडक झाला. ते हलले नाहीत. दुसरा चावा. तरी हलले नाहीत. राधेश्यामनं उरल्यासुरल्या गोळ्या त्या किड्यावर रिकाम्या केल्या. पाच, चार, तीन. दार उघडलं. दोघं लंगडत आत शिरले, दार मिटलं, आणि वरून दिसणारा तो सगळा तळ लहान लहान होत बर्फात दिसेनासा झाला.

मुकुलनं खुर्ची उलटी पाडली. अंतरा पेशंटसमोर कधी आवाज चढवत नाही, पण तिनं अशी आरोळी ठोकली की खालून शेजारचा दुकानदार काय झालं म्हणून विचारायला आला. राधेश्यामनं सासऱ्यांना मिठी मारली. दीड वर्षात त्यानं त्यांच्या पायांशिवाय दुसरं काही धरलं नव्हतं.

अंतरा भानावर आली. "तास होऊन गेला की. आ करा." तिनं बोळा काढला, जागा बघितली, ठीक आहे म्हणाली.

मुकुलला राहवेना. "सर, किडा चावत होता तरी तुम्ही वळला नाहीत. एवढा धीर कुठून आणला?"

काकासाहेबांचा अर्धा जबडा अजून बधिर होता. शब्द घरंगळत आले. "धीर कशाचा? ते बटण सोडून वळायचं कसं, हे कुणी सांगितलंच न्हाई मला."

मग हसायला बंदी नव्हती. अंतरानं दाढेला थंड बरं म्हणून आइस्क्रीम मागवलं. ते येईपर्यंत शालूचा फोन आला. काकासाहेबांनी राधेश्यामच्या हातातून तो घेतला. "काढली दाढ. दुखत न्हाई. जावईबापू? आहेत ना. अभ्यास करून राह्यले. मी स्वतः बघितलं, लई अवघड अभ्यास आहे."

पलीकडून शालूचं हसू राधेश्यामलाही ऐकू आलं. "अण्णा, अभ्यास करून कुणाचा घसा बसतो का? मला पहिल्या महिन्यातच कळलंय. ते स्वतः सांगतील म्हणून थांबले होते."

काकासाहेबांनी फोन परत दिला आणि जावयाकडं बघितलं. "तुम्हाला वाटलं समदे येडे आहेत," एवढंच म्हणाले. पाच नारळांचं काय करायचं यावर थोडी चर्चा झाली. मुकुलचं म्हणणं, नवस परीक्षेचा होता. काकासाहेब म्हणाले, रेणुकाईला सगळं कळतं, ती कुठली परीक्षा म्हणून विचारायची न्हाई. पुढच्या मंगळवारी तिघांनी अंगदला घेऊन यावं आणि आपापल्या हातानं नारळ फोडावेत.

पाच वाजता राधेश्याम त्यांना स्टँडवर सोडायला गेला. भोकरदनच्या बसमध्ये गावचे कडूबा आधीच बसले होते. त्यांनी शेजारची जागा दिली. "कुठं गेल्ते काकासाहेब?"

"दाढ काढायला आल्तो," काकासाहेब म्हणाले, आणि पिशवी मांडीवर घेऊन त्यांच्याकडं वळून बसले.

बस निघेपर्यंत राधेश्याम खिडकीखाली उभा राहिला. काचेमुळे आवाज येत नव्हता. काकासाहेब दोन्ही अंगठे हवेत नाचवत काहीतरी सांगत होते, आणि कडूबा मान पुढं काढून त्या अंगठ्यांकडं बघत होते. बस फाटकातून वळली तरी अंगठे चालूच होते. राधेश्याम झपाझप पावलं टाकत मस्तगडकडं निघाला. अंगदची पाळी सुटायची वेळ झाली होती, आणि त्याला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं होतं.