तोंडात लोखंड

लाकडी चमचा बोलतोय मी. हसू नका, चमचा असलो तरी हांजी हांजी मी आजवर कुणाची केली नाही. एका सुताराकडे खुर्चीच्या उरलेल्या पायातून माझा जन्म झाला. टेलरमास्तरांनी मला घरी आणलं ते बायकोच्या आजारपणात. तिला कॅन्सर झाला होता. ती बरी झाली आणि आता मास्तरांवर खुशाल डाफरते. मास्तर मात्र अजून दर आठवड्याला हॉस्पिटलात जातात, बायकोला घेऊन आलेल्या नवख्या नवऱ्यांशेजारी बसायला. मी असतोच त्यांच्या पिशवीत.

तिथेच आम्हाला बसड्रायव्हर भेटला. गडी धिप्पाड, पण तोंड एवढंसं झालेलं. बायको जेवत नव्हती. वजन आणखी घटलं तर पुढचं औषध थांबवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हा बिचारा जन्मात पहिल्यांदा चुलीपुढे उभा राहिलेला आणि ती पहिल्याच घासाला म्हणायची, लोखंड चाटल्यासारखं लागतंय. त्यानं पातेली घासूनपुसून लख्ख केली, नवी कढई आणली, शेवटी रुसून बसला.

मास्तर पोट धरून हसले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या स्वयंपाकात काही खोट नाही. या औषधांनी कुणाकुणाच्या तोंडाला धातूची चव येते. स्टीलचा चमचा ठेवा बाजूला, हा लाकडी घ्या. आणि ती जेवताना तिच्या डोक्याशी उभे राहू नका. आपली वाटी घेऊन शेजारी बसा."

त्या दुपारी भोपळ्याचं सूप होतं. ड्रायव्हर शेजारी बसून बसमधल्या भांडकुदळ प्रवाशांच्या गमती सांगत होता, नजर मात्र मोठ्या कष्टानं स्वतःच्या वाटीत. तिच्या ओठांशी जाताना माझा जीव नुसता वरखाली होत होता. तिनं घोट घेतला. थांबली. पुन्हा घेतला.

"अहो, लोखंड नाही लागत," ती म्हणाली. "पण खरं सांगू? सूप तुमचं वाईटच झालंय."

हसावं की रडावं, त्याला कळेना. "राहू दे मग," म्हणत तो वाटी उचलायला गेला, तर तिनं त्याचा हात धरला.

"राहू दे कशाला? वाढा अजून थोडं."

वजन टिकलं, औषधही ठरल्या दिवशी मिळालं. माझी कड झिजलीय, अंगाला भोपळ्याचा रंग चढलाय, पण मी मजेत आहे. ड्रायव्हर हल्ली मास्तरांकडे स्वयंपाक शिकायला जातो. मास्तर, तेवढं लवकर शिकवा हो त्याला. ती माउली रोज वाटी चाटूनपुसून संपवते, पण तिच्याआधी ते सूप मला चाखावं लागतं.